काट्यावर पावती निघायला ३०-४० सेकंद : रॅम वाढवू, इंडेक्स टाकू, की आणखी काही? (पोस्टग्रेस १५)

तेरणाकाठ (धाराशिव)

नमस्कार मंडळी. साखर कारखान्याच्या ऊस वजनाचा डेटाबेस सांभाळते. लिनक्सवर पोस्टग्रेस १५ (डेटाबेस सॉफ्टवेअर), ३२ जीबी रॅम, ८ कोअर, एसएसडी. चार वजनकाटे, यार्डातलं टोकन, शेतकी विभाग आणि हिशेब खातं मिळून ६० च्या आसपास कनेक्शन असतात. 'खेप' टेबलात १२ लाख ओळी आहेत (जुने सगळे हंगाम धरून), 'कपात' टेबलात ९० लाख.

दिवसभर सगळं सुरळीत चालतं. संध्याकाळी सहानंतर यार्डात गाड्यांची रांग लागली, चारही काटे एकदम चालू झाले, की पावती निघायला ३०-४० सेकंद लागतात. तोवर ट्रॅक्टर काट्यावरच उभा. त्या वेळी सीपीयू १२-१५ टक्के असतो आणि डिस्कही जवळपास रिकामी.

मिळालेले सल्ले असे: रॅम ६४ करा आणि शेअर्ड_बफर्स (पोस्टग्रेसची स्वतःची कॅश) ८० टक्क्यांवर न्या, वर्क_मेम (क्वेरीतल्या सॉर्ट-हॅशला मिळणारी मेमरी) १ जीबी करा, मॅक्स_कनेक्शन्स १००० ठेवा, क्वेरीच्या व्हेअर अटीत येणाऱ्या प्रत्येक कॉलमवर इंडेक्स टाका, दर रविवारी व्हॅक्यूम फुल (टेबलाची पूर्ण साफसफाई) चालवा, रोज पहाटे सर्व्हर रीस्टार्ट करा. शिवाय हिशेब खात्याने पंधरवडा बिलाचा रिपोर्ट काढला की काटा अडतो, असं सगळे म्हणतात. म्हणून रिपोर्ट रात्री बारानंतरच काढायचा नियम आहे. गाळप चालू असताना प्रयोग करायला वाव कमी आहे. यातलं आधी काय करावं?

---

बालाघाट

ताई, यातलं काहीच आधी करू नका. सीपीयू १५ टक्के, डिस्क रिकामी आणि पावतीला ४० सेकंद, याचा अर्थ सर्व्हर हळू काम करत नाहीये. तो कुणाची तरी वाट बघत थांबलाय. क्वेरी हळू असणं आणि क्वेरी अडकलेली असणं हे दोन वेगळे रोग आहेत. रॅम, बफर, इंडेक्स ही पहिल्याची औषधं. दुसऱ्यावर ती दिली तर पैसे जातील आणि ट्रॅक्टर तिथंच उभा राहील.

रांग लागलेली असतानाच हे चालवा:

सिलेक्ट पीआयडी, युजनेम, स्टेट, वेट_इव्हेंट_टाइप, वेट_इव्हेंट, नाऊ() - एक्सॲक्ट_स्टार्ट, पीजी_ब्लॉकिंग_पीआयडीज(पीआयडी), क्वेरी फ्रॉम पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी व्हेअर स्टेट <> 'आयडल';

वेट_इव्हेंट_टाइप खाली 'लॉक' दिसलं, तर पीजी_ब्लॉकिंग_पीआयडीजमध्ये जो नंबर येईल तोच अडवणारा. त्याची ओळ शोधा आणि तो कोणत्या स्थितीत आहे ते बघा. दर पाच सेकंदांनी पाच-सहा वेळा चालवा, एका नजरेत कळेलच असं नाही.

सोबत लॉग_लॉक_वेट्स चालू करा. फक्त रीलोड पुरतो, रीस्टार्ट नको. डेडलॉक_टाइमआउट मुळात १ सेकंद असतो, त्यामुळे सेकंदापेक्षा जास्त वाट बघणारी प्रत्येक क्वेरी लॉगमध्ये लिहिली जाईल.

रिपोर्टमुळे काटा अडतो, हेही तपासल्याशिवाय मान्य करू नका. पोस्टग्रेसमध्ये वाचणारा लिहिणाऱ्याला अडवत नाही. नुसता सिलेक्ट कितीही मोठा असला तरी इन्सर्ट-अपडेट थांबत नाहीत. एक मात्र होतं: रिपोर्ट चालू असताना कुणी ऑल्टर टेबल किंवा व्हॅक्यूम फुल दिलं, तर ते रिपोर्टमागे थांबतं आणि त्याच्यामागे त्या टेबलाची प्रत्येक क्वेरी, साधा सिलेक्टसुद्धा, रांगेत उभी राहते. नाव रिपोर्टचं होतं, अडवणारा दुसराच असतो. म्हणून टेबलात बदल करण्याआधी त्या सेशनमध्ये लॉक_टाइमआउट २ सेकंद ठेवायचा. जमलं तर जमलं, नाही तर कमांड आपोआप मागे फिरते.

---

दुधना_जालना

मेमरीच्या सल्ल्यांबद्दल लिहितो, कारण त्यातले दोन चालू सिस्टीम पाडू शकतात.

शेअर्ड_बफर्स मुळात १२८ एमबी असतो, तो नक्की वाढवायचा. पण सुरुवात रॅमच्या २५ टक्क्यांपासून, म्हणजे तुमच्याकडे ८ जीबी. ४० टक्क्यांच्या पुढे सहसा फायदा होत नाही, कारण पोस्टग्रेस ऑपरेटिंग सिस्टीमच्या कॅशवरही अवलंबून असतो. ८० टक्के दिलेत तर त्या कॅशला जागाच उरत नाही. इफेक्टिव्ह_कॅशे_साइज २४ जीबी द्या. तो मेमरी घेत नाही, प्लॅनरला (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या भागाला) फक्त अंदाज देतो. बऱ्याच जणांना वाटतं तो आकडा खरोखर राखून ठेवला जातो आणि भीतीपोटी ४ जीबीवरच सोडून देतात.

वर्क_मेम १ जीबी हा सगळ्यात घातक सल्ला. ही मर्यादा कनेक्शनला नसून क्वेरीतल्या प्रत्येक सॉर्टला आणि हॅशला वेगळी लागते. त्यात आवृत्ती १५ पासून हॅशला मुळातच दुप्पट मुभा आहे. पंधरवडा बिलाच्या एका क्वेरीत तीन हॅश आणि दोन सॉर्ट असले, तर ती एकटीच ८ जीबीपर्यंत जाऊ शकते. हिशेब खात्यात चौघांनी एकदम बटण दाबलं की मेमरी संपते, लिनक्सचा ओओएम किलर एखादी पोस्टग्रेस प्रोसेस मारतो आणि मग मुख्य प्रोसेस उरलेली सगळी कनेक्शनं तोडून रिकव्हरी सुरू करते. चारही काटे एका क्षणात बंद. सर्वांसाठी १६ एमबी ठेवा. बिलाच्या रिपोर्टमध्ये सुरुवातीला सेट लोकल वर्क_मेम = '२५६एमबी' लिहा, म्हणजे त्या ट्रान्झॅक्शनपुरतंच राहील.

मॅक्स_कनेक्शन्सचं बोलायचं तर तुमची साठ कनेक्शनं शंभरात आरामात बसतात. प्रत्येक कनेक्शन म्हणजे एक स्वतंत्र प्रोसेस असते. आठ कोअरवर हजार जणांना आत घेतलं म्हणून काम वेगाने होत नाही, आत गर्दी तेवढी वाढते. पुढे संख्या वाढलीच तर मध्ये पीजीबाउन्सर (थोडीच कनेक्शनं सगळ्यांना वाटून देणारा प्रोग्रॅम) बसवा.

रोजचा रीस्टार्ट बंद करा. गरम झालेले बफर पुसले जातात आणि खरं कारण दुसऱ्या संध्याकाळपर्यंत झाकलं जातं, एवढंच त्यातून मिळतं.

---

तेरणाकाठ

बालाघाट सर, काल सात वाजता चालवून बघितलं. एक काटा 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' (ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून नुसता बसलेला), त्याची शेवटची क्वेरी अपडेट पावती_क्रमांक सेट शेवटचा = शेवटचा + १. दुसरा काटा लॉक / ट्रान्झॅक्शनआयडी वर थांबलेला, तिसरा आणि चौथा लॉक / टपल वर. दर दहा-बारा सेकंदांनी पुढचा सुटतो. रिपोर्ट चालू नव्हता, तरी हेच.

आणखी एक दिसलं. यार्डातल्या टोकनच्या खिडकीचं एक सेशन सव्वाचार तास 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' आहे.

सॉफ्टवेअरवाल्यांना विचारलं. पावतीचा क्रम असा आहे: स्क्रीन उघडली की बिगिन (ट्रान्झॅक्शन सुरू), मग क्रमांक घेणे, मग काट्याच्या इंडिकेटरवरून वजन स्थिर होईपर्यंत वाचणे, खेप टाकणे, डॉट मॅट्रिक्सवर छपाई, आणि छपाई झाली की कमिट (ट्रान्झॅक्शन पक्कं).

---

बालाघाट

मग रोग सापडला. क्रमांकाचं टेबल एका ओळीचं. ती ओळ पहिल्या काट्याने अपडेट केली की कमिट होईपर्यंत तिचं कुलूप त्याच्याकडे. वजनाचा आकडा स्थिर व्हायला पाच-सहा सेकंद, छपाईला तेवढेच. चौथ्या काट्यापुढे तीन जण, प्रत्येकी दहा-बारा सेकंद; म्हणून तुमचे ३०-४० सेकंद. ट्रान्झॅक्शनआयडीवर जो थांबतो तो रांगेतला पहिला, टपलवर थांबतात ते त्याच्या मागचे. दुपारी दोनच काटे चालू असतात म्हणून कुणाला जाणवत नाही. १२८ जीबी रॅम घातली तरी प्रिंटरची सुई आपल्याच वेगाने चालणार.

दुरुस्ती क्रमाची आहे. वजन आधी वाचून घ्या, ट्रान्झॅक्शनच्या बाहेर. वजन स्थिर झालं की बिगिन, खेप इन्सर्ट, क्रमांक अपडेट, कमिट. हे काही मिलिसेकंदांत उरकतं. छपाई कमिटनंतर. छपाईत कागद अडकला तर त्याच क्रमांकाची पावती 'दुसरी प्रत' शिक्क्यासह पुन्हा काढायची सोय द्या. क्रमांकाचं अपडेट कमिटच्या अगदी आधी ठेवा, म्हणजे कुलपाचा वेळ कमीत कमी. कोडचा बदल दोन-चार ओळींचाच असेल, पण सॉफ्टवेअरवाल्यांकडून तो लेखी मागून घ्या, नाही तर ते पुन्हा सर्व्हर बदलायचंच सुचवतील.

याला पर्याय म्हणून दोन गोष्टी सुचवल्या जातील, त्यांतल्या खाचा लक्षात ठेवा. पहिली, सिलेक्ट मॅक्स(क्रमांक) + १. दोन काट्यांनी एकाच क्षणी विचारलं तर दोघांना एकच क्रमांक मिळतो. युनिक इंडेक्स नसेल तर एका क्रमांकाच्या दोन पावत्या शेतकऱ्यांच्या हातात जातात. दुसरी, सीक्वेन्स (पोस्टग्रेसचा आपोआप पुढचा आकडा देणारा गणक). तिथं रांग लागत नाही, पण सीक्वेन्स सलग आकडे देतो हा मोठा गैरसमज आहे. ट्रान्झॅक्शन मागे फिरलं तरी घेतलेला आकडा परत येत नाही, आणि सर्व्हर कोसळून उठला तर मधले काही आकडे गळू शकतात. लेखापरीक्षक सलग पावत्या मागत असतील तर सीक्वेन्स नको. प्रत्येक काट्याची वेगळी मालिका करा, टेबलात चार ओळी. मग काटे एकमेकांना अडवणारच नाहीत आणि क्रमांकही सलग राहतील.

---

गोदाकाठ_नांदेड

ते सव्वाचार तासांचं यार्डाचं सेशन सोडून देऊ नका, त्याचा त्रास वेगळा आहे. त्या सेशनने काही लिहिलं असेल तर त्याला ट्रान्झॅक्शन क्रमांक मिळालेला असतो, आणि ते संपेपर्यंत त्यानंतर मेलेल्या ओळी (अपडेट-डिलीटनंतर उरलेल्या जुन्या प्रती) व्हॅक्यूमला, म्हणजे साफसफाईच्या कमांडला, उचलता येत नाहीत. ताई, गाड्यांची स्थिती ठेवणारं जे टेबल असेल, ज्यात टोकन, काटा, गव्हाण असं सतत अपडेट होतं, त्याचा आकार बघा: पीजी_टोटल_रिलेशन_साइज. ओळी जेमतेम सातशे आणि आकार शेकडो एमबी निघाला तर नवल नाही. मग व्हॅक्यूम व्हर्बोज चालवा. उत्तरात 'मेलेल्या, पण अजून काढता येत नाहीत' अशा ओळींचा आकडा मोठा असेल तर कारण हेच.

इथंच व्हॅक्यूम फुलचा गैरसमज आहे. लोक टेबल फुगलेलं बघतात आणि दर रविवारी फुल लावतात. फुल म्हणजे सगळं टेबल नव्याने लिहिणं. तेवढी मोकळी डिस्क लागते आणि काम संपेपर्यंत टेबलाला पूर्ण कुलूप, वाचणंसुद्धा बंद. कारण तसंच राहिलं तर सोमवारी पुन्हा फुगायला सुरुवात. साधा व्हॅक्यूम वाचण्या-लिहिण्याला अडवत नाही, तोच रोजचा उपाय. काही जण तर ऑटोव्हॅक्यूम 'भार टाकतो' म्हणून बंद करतात, तसं चुकूनही करू नका. तुमच्याकडे त्याला उलट जास्त वेळा धावू द्यायला हवं. मूळ नियम २० टक्के अधिक ५० ओळींचा आहे. ९० लाखांच्या कपात टेबलात १८ लाख ओळी मरेपर्यंत तो हलत नाही. तेवढ्या एका टेबलावर ऑटोव्हॅक्यूम_व्हॅक्यूम_स्केल_फॅक्टर ०.०२ आणि ॲनलाइझचा ०.०१ करा. एकदाचं फुगलेलं छोटं टेबल मात्र, यार्डाचं सेशन सुधारल्यावर, गाळप थांबवतात तेव्हा फुल करून घ्या. सातशे ओळींना क्षणभर लागतो.

यार्डासाठी आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट ५ मिनिटं लावा.

---

दुधना_जालना

गोदाकाठ, टाइमआउटशी सहमत, पण सर्व्हरभर नको. तो लागला की कनेक्शनच तुटतं, आणि जुन्या प्रोग्रॅमना पुन्हा जोडून घेणं जमत नाही. खिडकी गोठते आणि मग शिव्या डेटाबेसला. ऑल्टर रोलने फक्त यार्डाच्या युजरवर लावा, आधी दुपारच्या निवांत वेळी एक खिडकी तोडून प्रोग्रॅम सावरतो का ते बघा. काट्यांच्या युजरवर क्रम बदलल्याशिवाय लावू नका.

---

तेरणाकाठ

गाडीस्थिती टेबल ३८० एमबी आहे, ओळी ७१२! यार्डाच्या युजरवर टाइमआउट दुपारी तपासून लावते. काट्याच्या क्रमाचा बदल लेखी मागितलाय.

दोन गोष्टी उरल्या. 'आजच्या खेपा' ही स्क्रीन सगळीकडे उघडी असते, दर मिनिटाला ताजी होते आणि प्रत्येक वेळी २-३ सेकंद घेते. वजन_वेळ वर इंडेक्स आहे तरी प्लॅनमध्ये सीक्वेन्शियल स्कॅन (सगळं टेबल ओळीने वाचणं) दिसतो. व्हेअर वजन_वेळ::डेट = करंट_डेट असं आहे. प्लॅनमध्ये अंदाज ६,००० ओळी, प्रत्यक्षात ६४३.

दुसरं, शेतकऱ्याचं नाव शोधताना काही नावं सापडत नाहीत. यादीत डोळ्यांना दिसतात, शोधली की शून्य. इंडेक्स बिघडला असेल म्हणून रीइंडेक्स करा, असं सांगितलंय.

---

गोदाकाठ_नांदेड

तो ६,००० चा आकडा नीट बघा. १२ लाखांचे बरोबर ०.५ टक्के. एवढा गोल अंदाज दिसला की समजायचं, प्लॅनरकडे माहितीच नाही आणि त्याने ठरलेला आकडा लावलाय. कॉलमला ::डेट लावलं की ते वेगळं एक्स्प्रेशन होतं. वजन_वेळचा इंडेक्सही लागू होत नाही आणि त्याची आकडेवारीही. ओळी दसपट वाटल्यामुळे तो पुढे कपातशी जोडताना ९० लाख ओळींचा हॅश करायला जात असेल. तुमचे दोन-तीन सेकंद बहुतेक तिथेच जातात. कॉलम मोकळा सोडा:

व्हेअर वजन_वेळ >= करंट_डेट अँड वजन_वेळ < करंट_डेट + १

बदलल्यावर प्लॅन दाखवणारं एक्स्प्लेन (ॲनलाइझ, बफर्स) पुन्हा काढा. अंदाज आणि प्रत्यक्ष एकमेकांजवळ आले का हे आधी बघायचं, वेळ नंतर. हेच एक्स्प्लेन ॲनलाइझ अपडेट किंवा डिलीटवर चालवलं तर ते खरंच घडतं, म्हणून तिथं बिगिन आणि रोलबॅकच्या मध्ये. कपात टेबलात खेप_आयडीवर इंडेक्स आहे ना, तेही तपासा. फॉरेन की दिली की पोस्टग्रेस त्या बाजूला इंडेक्स आपोआप करत नाही. मायएसक्यूएलच्या इनोडीबीत होतो, त्यावरून हा गैरसमज पसरलाय.

सीक्वेन्शियल स्कॅन दिसला म्हणजे चूक, असंही नाही. सबंध हंगामाची बेरीज करताना टेबलाचा मोठा भाग वाचायचाच असतो, तिथं तोच स्वस्त. आणि पंधरवड्यातून एकदा चालणारा रिपोर्ट मिनिटभर घेत असेल तर घेऊ द्या. पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्स लावा (शेअर्ड_प्रीलोड_लायब्ररीजमध्ये घालून एकदा रीस्टार्ट लागतो) आणि यादी सरासरी वेळेवर न लावता एकूण वेळेवर लावा. 'आजच्या खेपा' त्यात वर दिसेल.

प्रत्येक कॉलमवर इंडेक्स नकोच. प्रत्येक इन्सर्टला सगळे इंडेक्स लिहावे लागतात, आणि सतत बदलणाऱ्या कॉलमवर, म्हणजे गाडीस्थितीतल्या 'स्थिती'वर, इंडेक्स टाकला की इंडेक्सला हात न लावणारं स्वस्तातलं हॉट अपडेट बंद पडतं. त्या टेबलाला उलट फिलफॅक्टर ७० द्या, म्हणजे प्रत्येक पानात अपडेटसाठी मोकळी जागा राहते. जो इंडेक्स खरंच हवा, तो गाळप चालू असताना क्रिएट इंडेक्स कॉन्करंटलीने करा. तो मध्येच फसला तर 'इनव्हॅलिड' म्हणून मागे राहतो, वापरात येत नाही पण प्रत्येक इन्सर्टला ओझं होतो. तो पाडून पुन्हा करायचा.

---

मोंढा_लातूर

नावांचं सांगतो. न सापडणाऱ्या नावांत 'ऱ्ह', 'ऱ्य' आहे का बघा: कुऱ्हाडे, गोऱ्हे, बिऱ्हाडे. ही अक्षरं दोन तऱ्हांनी टंकता येतात. एका कीबोर्डवर ऱ, हलंत, ह. दुसऱ्यावर र, हलंत, मग न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर, मग ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब, डेटाबेसला मात्र दोन वेगळी नावं. रीइंडेक्सने यात काहीच बदलणार नाही. दोन्ही नोंदींचं एन्कोड(कन्व्हर्ट_टू(नाव, 'यूटीएफ८'), 'हेक्स') काढून शेजारी ठेवा, फरक उघड दिसेल.

उपाय म्हणजे शोधासाठी वेगळा जनरेटेड कॉलम. त्यात नाव आधी नॉर्मलाइझ फंक्शनमधून काढा, आणि र + हलंत + जॉइनर असं जिथं असेल तिथं ऱ + हलंत करा. जॉइनर नुसता पुसून टाकू नका. कुऱ्हाडेचं कुर्हाडे होईल. नुसतं नॉर्मलाइझ पुरत नाही, कारण ते जॉइनरला हात लावत नाही. शोधायचा शब्दही त्याच फंक्शनमधून न्या. मूळ नाव आहे तसं राहू द्या, सात-बारा आणि बँक खात्याशी ते जुळावं लागतं. नावाच्या मधला भाग शोधायचा असेल तर साधा (बी-ट्री) इंडेक्स कामाचा नाही. पीजी_टीआरजीएम एक्स्टेन्शन (तीन-तीन अक्षरांच्या तुकड्यांनी शोधणारं) आणि त्यावर जिन प्रकारचा इंडेक्स लागेल.

रीइंडेक्स खरंच लागतो ती वेळ वेगळी: सर्व्हरची लिनक्स बदलताना जीलिबसी (लिनक्सची मूळ लायब्ररी) २.२८ च्या अलीकडून पलीकडे गेली, तर अक्षरांचा क्रम बदलतो आणि मजकुराच्या कॉलमवरचे जुने इंडेक्स चुकीचे ठरतात. डेटा फोल्डर तसाच उचलून नव्या मशीनवर ठेवलात तर हे हमखास होतं. डम्प घेऊन पुन्हा भरलात तर इंडेक्स नव्यानेच बनतात, तिथं प्रश्न नाही.

न विचारलेलं एक. काट्याचा वेग वाढवायला कुणी एफसिंक (नोंद खरंच डिस्कवर पोचल्याची खात्री) बंद करायला सांगितलं तर ऐकू नका. आपल्याकडे लाइट कधी जाईल याचा भरवसा नाही, आणि एफसिंक बंद असताना वीज गेली तर फक्त शेवटच्या पावत्या जाऊन भागत नाही, सबंध डेटाबेस नासू शकतो. सिंक्रोनस_कमिट बंद केल्यावर डेटाबेस नासत नाही, पण शेवटच्या अर्ध्या-पाऊण सेकंदाच्या नोंदी जाऊ शकतात. छापून दिलेल्या पावतीची नोंद गेलेली चालणार नाही, म्हणून काट्याला तेही नको.

बॅकअप म्हणून दुसऱ्या मशीनवर रेप्लिका (डेटाबेसची सतत ताजी होणारी प्रत) आहे असं उत्तर आलं, तर व्हेअर विसरलेला डिलीट तिथं क्षणार्धात पोचतो हे सांगा. रात्रीचा डम्प आणि वॉल (प्रत्येक बदलाची नोंदवही) आर्काइव्हसकट बेस बॅकअप, दोन्ही ठेवा, त्याच मशीनच्या डिस्कवर नकोत. आर्काइव्ह_टाइमआउट ५ मिनिटं द्या, नाही तर निवांत वेळेतल्या पावत्या १६ एमबीची फाइल भरेपर्यंत बाहेर जाणारच नाहीत. आणि महिन्यातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या मशीनवर भरून काल रात्री बारापर्यंतच्या खेपांची संख्या आणि निव्वळ वजनाची बेरीज चालू डेटाबेसशी ताडून बघा.